भामरागड ते मुंबई: साइटवरचा एक तास आणि प्रत्यक्षातला दिवस

प्रश्न असा आला आहे. प्रश्नकर्ते कांदिवलीला राहतात, नोकरी इथेच. आई-वडील गडचिरोली जिल्ह्यात, भामरागडच्याही पुढे पंधरा-सोळा किलोमीटर आत असलेल्या गावात. वडिलांना परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायचं आहे आणि दुपारी २ ची वेळ मिळाली आहे. दोन ठिकाणांमधलं अंतर सांगणाऱ्या एका साइटवर त्यांना दिसलं, ‘अंतर ८१० किमी, विमानाने १ तास १ मिनिट’. त्यावरून त्यांनी विचारलं आहे, ‘पहाटे गाव सोडलं तर दोनपर्यंत परळला पोहोचतील ना? नागपूरपर्यंतच्या गाडीला तीन-चार तास धरले आहेत.’

नाही पोहोचणार. त्याच दिवशी तर नाहीच. पहाटे सहाला निघालेली माणसं सगळं सुरळीत झालं तर रात्री आठ-साडेआठला परळला पोहोचतील. दोनची वेळ पाळायची असेल तर आदल्या दिवशी सकाळी गाव सोडायचं, हे आधी पक्कं करून टाका. आता हिशेब सविस्तर मांडतो, कारण असे आकडे बघून बेत आखणारे तुम्ही एकटे नाही. मी मुंबईत फ्लाइट डिस्पॅचर म्हणून उमेदीची वर्षं काढली. कुठलं विमान कुठल्या मार्गाने न्यायचं, किती उंचीवर, किती इंधन भरून, हे ठरवून कागद कॅप्टनच्या हातात द्यायचा, हेच काम. निवृत्त झाल्यापासून पार्ल्यातले शेजारीपाजारीसुद्धा ‘अमुक ठिकाणी विमानाने किती वेळ?’ असं विचारतात आणि मी आधी उलट विचारतो, ‘घरापासून, की विमानाच्या दारापासून?’

८१० हा आकडा खोटा नाही. तो कसा येतो ते कागद-पेन्सिलीने तुम्हालाही काढता येईल. मुंबई विमानतळ साधारण ७२.९ पूर्व रेखांशावर आहे, भामरागड ८०.६ वर. फरक ७.७ अंशांचा. आपल्या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर झालं ८०९. उत्तर-दक्षिण फरक नगण्य, जेमतेम पस्तीस किलोमीटर. शाळेतला पायथागोरस लावला की ८१०. पृथ्वी गोल आहे म्हणून तज्ज्ञ मंडळी वेगळं सूत्र वापरतात, पण एवढ्या अंतराला उत्तर तेच येतं. इथपर्यंत साइट बरोबर आहे.

पुढे ती काय करते? ८१० ला ८०० ने भागते. आला १ तास १ मिनिट. बस्स, एवढंच. भामरागडला धावपट्टी आहे का, हे ती बघत नाही. मुंबई ते चंद्र विचारलंत तरी ती भागाकार करून देईल.

भामरागडला धावपट्टी नाही. म्हणजे ताशी ८०० ने जाणारं विमान तिथे उतरू शकत नाही. उतरू शकेल असं यंत्र म्हणजे हेलिकॉप्टर, आणि ते ताशी सव्वादोनशे-अडीचशेने जातं. ८१० किलोमीटरला साडेतीन तास, आणि बहुतेक हेलिकॉप्टरांना वाटेत इंधनासाठी उतरावं लागेल तो वेळ वेगळा. थोडक्यात, जगातल्या कुठल्याही वाहनात बसलात तरी भामरागड ते मुंबई १ तास १ मिनिटात होत नाही. जे विमान तेवढ्या वेगाने जातं ते तिथे पोहोचत नाही, आणि जे तिथे पोहोचतं ते तेवढ्या वेगाने जात नाही.

आणखी एक खाचखळगा सांगून ठेवतो. अशा साइटवर ‘मुंबई’ म्हणजे नकाशावरचा एक ठिपका असतो. तो कधी फोर्टात असतो, कधी कुर्ल्याच्या आसपास. गावांच्या बाबतीत तर सावळागोंधळ. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव ही नावं महाराष्ट्रात किती असतील याला गणती नाही, आणि साइट त्यातलं कुठलं उचलेल ते सांगता येत नाही. नाव टाकून अंतर काढू नका, नकाशावर गावावर बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांश येतात, ते टाका. भामरागडच्या बाबतीत हा घोळ झालेला नाही, ते सुदैव.

त्याहून मोठा खड्डा म्हणजे ‘जवळचा विमानतळ’. भामरागडपासून सरळ रेषेत जवळ कोण, असं विचारलं तर नागपूर नव्हे, छत्तीसगडमधलं जगदलपूर येतं. जगदलपूर सुमारे १६० किलोमीटर, नागपूर सुमारे २४५. पण मधे इंद्रावती नदी आहे, अबूझमाडचं डोंगराळ जंगल आहे, आणि जगदलपूरहून मुंबईला थेट विमान नाही. नुसत्या नकाशावर बघून कुणी तिकडे वळलं तर विचारूच नका. सिरोंचा भागातल्या कुणी हा प्रश्न विचारला असता तर मी हैदराबादचा विचार करायला सांगितलं असतं, कारण त्यांची निम्मी वर्दळ तशीही तेलंगणात असते. तुमच्यासाठी मात्र नागपूरच.

आता रस्ता. तुमचा खरा प्रवास इथेच आहे आणि तुम्ही त्याला तीन-चार तास धरलेत.

गावातून भामरागडपर्यंत पंधरा-सोळा किलोमीटर, कच्च्या रस्त्याला पाऊण-एक तास. भामरागडहून पर्लकोटा नदी ओलांडून, हेमलकशावरून आलापल्लीपर्यंत साधारण पासष्ट किलोमीटर जंगलातला रस्ता. त्याला दीड-दोन तास. आलापल्लीहून आष्टी, गोंडपिपरी करत चंद्रपूर, सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. यातला आलापल्ली-आष्टी पट्टा सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी खाल्लेला आहे, तुम्ही गावी जाता तेव्हा तुमच्या मणक्यांनी तो मोजला असेलच. तीन तास धरा. चंद्रपूरहून वरोरा, जाम, बुटीबोरी करत नागपूर विमानतळ, दीडशेच्या आतबाहेर, अडीच-तीन तास. हा टप्पा चांगला आहे. बेरीज साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि आजारी माणूस बरोबर आहे म्हणजे चहा, लघवी, पाय मोकळे करणं हे सगळं धरून नऊ तास. सरळ रेषेत २४५ असलेलं अंतर रस्त्याने साडेतीनशे होतं, हे लक्षात घ्या. डोंगर-नद्यांच्या मुलखात सरळ रेषेच्या सव्वा ते दीडपट रस्ता धरायचा, हा माझा ढोबळ ठोकताळा.

एक बरी गोष्ट. चंद्रपूरकडून येताना विमानतळ वर्धा रोडवर शहराच्या अलीकडेच लागतो. नागपूरच्या गर्दीत शिरावं लागत नाही. रेल्वे स्टेशनला जायचं असेल तर मात्र शहरात शिरावंच लागतं, त्याला अर्धा तास वाढवून धरा.

पावसाळ्यात हे वेळापत्रक फाडून टाका. भामरागड इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांच्या संगमाशी आहे. पर्लकोटेला पूर आला की वर्षानुवर्षं तालुक्याचा संपर्क तुटत आला आहे, कधी एक दिवस, कधी अनेक दिवस. तुमचं गाव नदीच्या पलीकडच्या अंगाला आहे, आलापल्लीच्या नव्हे. जुलै-ऑगस्टमधली वेळ मिळाली असेल तर पाण्याचा अंदाज बघून वडिलांना तीन-चार दिवस आधीच आलापल्लीला किंवा चंद्रपूरला एखाद्या नातेवाइकाकडे आणून ठेवा. विमान चुकलं तर दुसरं मिळतं, पूर ओसरायला सांगता येत नाही.

आता हवेतला भाग, जो माझ्या धंद्याचा. नागपूर ते मुंबई सरळ रेषेत ६८०-६९० किलोमीटर. ८०० ने भागलं तर ५२ मिनिटं. पण तिकिटावर बघा, दीड तासापासून पावणेदोन तासांपर्यंत लिहिलेलं असतं. लोकांना वाटतं कंपन्या उगाच वाढवून लिहितात म्हणजे उशीर झाला तरी ‘वेळेवर’ म्हणता येतं. थोडंफार तसंही आहे, नाही म्हणत नाही. पण बरीचशी वाढ खरी असते.

तिकिटावरची वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढले तिथपासून दुसऱ्या टोकाला ठोकळे लावले तिथपर्यंत. त्यात मागे ढकलणं, इंजिन सुरू करणं, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं हे सगळं येतं. मग उड्डाण. ए-३२० जातीचं विमान ३५-३६ हजार फुटांवर जातं तेव्हा त्याचा वेग ताशी ८३० च्या आसपास असतो, पण तिथे पोहोचायलाच वीस-एक मिनिटं आणि दोनशेहून जास्त किलोमीटर लागतात. दहा हजार फुटांच्या खाली वेगावर २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. उतरतानाही तेच. उतरायला कुठून सुरुवात करायची याचा सोपा नियम आहे. उंची हजार फुटांत घ्या, तिला तीनने गुणा, तेवढे सागरी मैल आधी. ३६ गुणिले ३ म्हणजे १०८ सागरी मैल, म्हणजे बरोबर दोनशे किलोमीटर. ६८५ मधून चढाईचे सव्वादोनशे आणि उतरणीचे दोनशे वजा करा. पूर्ण वेगाने जायला उरले अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. वीस मिनिटांचा मामला. हवाई सुंदरीने पाण्याची ट्रॉली मागच्या ओळीपर्यंत नेली की कॅप्टन उतरण सुरू करतो, ते याचमुळे. संपूर्ण प्रवासाला कमाल वेगाने भागणं म्हणजे विरार फास्ट बोरिवली ते अंधेरी जो वेग पकडते तोच चर्चगेटपर्यंत धरून चालणं.

मुंबईचं तर वेगळंच प्रकरण. इथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच चालते, आणि तिच्यावर देशातल्या सगळ्यात जास्त गर्दीपैकी एक. बहुतेक दिवस विमानं पूर्वेकडून, घाटकोपरवरून येऊन पश्चिमेला तोंड करून उतरतात. नागपूरकडून येणाऱ्याला हे सोयीचं, जवळजवळ नाकासमोर येऊन टेकता येतं. वारा फिरला आणि दिशा उलटी केली तर तेच विमान मुंबईला वळसा घालून समुद्रावर जातं आणि जुहूच्या बाजूने येऊन उतरतं. आठ-दहा मिनिटं गेली. परत जाताना उलट. नागपूर पूर्वेला, पण विमान उडतं पश्चिमेला, जुहूच्या किनाऱ्यावरून समुद्रात जाऊन मग वळतं आणि शहराच्या एका अंगाने घाट ओलांडतं. खिडकीत बसून लोक विचारतात, हे आपल्याला कुठे घेऊन चाललेत?

संध्याकाळच्या गर्दीत किंवा जोराचा पाऊस असताना वाट बघायला लावतात. आकाशात लंबवर्तुळाकार घिरट्या, खालच्या उंचीवर एक फेरी चार मिनिटांची, १४ हजार फुटांच्या वर पाच मिनिटांची. चार फेऱ्या मारल्या की तुमच्या हिशेबातून सोळा-वीस मिनिटं वजा. डिस्पॅचरच्या कागदावर हे सगळं आधीच धरलेलं असतं. प्रवासाला लागणारं इंधन, त्यावर साधारण पाच टक्के वरकड, मुंबईला उतरताच आलं नाही तर अहमदाबाद किंवा दुसऱ्या पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचं, आणि त्यावर शेवटचं तीस मिनिटांचं, ज्याला हात लावण्याची वेळ येऊ नये असं. मुंबईसाठी आम्ही घिरट्यांचं वेगळं टाकायचो. ज्यांचा धंदा विमान उडवण्याचा आहे तेसुद्धा ८०० ने भागलेल्या उत्तरावर विमान सोडत नाहीत. मग दवाखान्याची वेळ त्यावर का ठरवायची?

वाऱ्याचंही सांगतो, कारण जाताना आणि येताना वेळ वेगळी का, असं लोक विचारतात. हिवाळ्यात आपल्या डोक्यावर वरच्या थरांत पश्चिमेचा जोरदार वारा असतो. मुंबईहून नागपूरला जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. दोन्ही दिशांत दहा-पंधरा मिनिटांचा फरक सहज पडतो. पावसाळ्यात वरचा वारा पूर्वेकडून वाहू लागतो, मग फायदा मुंबईला येणाऱ्याला. अर्थात तो फायदा सांताक्रूझवरच्या घिरट्यांत खर्च होतो, ते सोडा.

आणि एक तारीख बघून घ्या. पावसाळ्याच्या आधी मे महिन्यात आणि नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या देखभालीसाठी एक दिवस सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवतात. आधी जाहीर होतं. त्या वेळेतलं तिकीट कंपन्या सहसा विकतच नाहीत, पण त्या दिवसाच्या आगेमागे गर्दी असते.

आता घर ते परळ अशी पूर्ण बेरीज. रस्ता नऊ तास. विमानतळावर दोन तास आधी. काउंटर बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या साठ मिनिटं आधी बंद करतात आणि मग रडून उपयोग नसतो. पहिल्यांदाच विमानात बसणारे वयस्कर लोक आहेत म्हणून दोन तास, तुम्ही-आम्ही असतो तर दीडमध्ये भागलं असतं. विमान एक तास चाळीस मिनिटं. उतरणं, बॅगा, व्हीलचेअर धरून चाळीस मिनिटं. विमानतळ ते परळ टॅक्सीने तास, संध्याकाळी सव्वाही. झाले साडेचौदा तासांच्या आसपास. ८१० ला त्याने भागा, ताशी छप्पन किलोमीटर. तुमच्या वडिलांचं ‘विमान’ या वेगाने चाललं आहे आणि त्या साडेचौदा तासांत ते हवेत जेमतेम सव्वा तास आहेत.

ही संख्या कळली की पुढचा निर्णय वेगळाच दिसायला लागतो. तुम्ही विचारलेलं नाही, पण मी विचारेन: विमानाची खरंच गरज आहे का?

बघा. सोमवारी सकाळी सहाला गाव सोडलं, तीनला नागपूर. संध्याकाळचं विमान घेतलं तर सोमवारी रात्री मुंबईत, मंगळवारी दुपारी दोनला दवाखाना. त्याऐवजी सोमवारी रात्री नागपूरहून दुरंतो किंवा विदर्भ एक्स्प्रेसला बसलं तर मंगळवारी सकाळी मुंबईत, मंगळवारी दुपारी दोनला दवाखाना. दिवस तोच. विमानाने काय मिळालं? एक रात्र अंथरुणावर झोप. ती काही कमी नाही. नऊ तास गाडीत हाडं खिळखिळी झालेल्या माणसाला रात्रभर रेल्वेच्या बर्थवर ठेवायचं की कांदिवलीला घरी नेऊन झोपवायचं, हा निर्णय त्यांची तब्येत बघून घ्या. पण तो झोपेचा निर्णय आहे, वेळेचा नाही. पैशाची ओढाताण असेल तर रेल्वेत कर्करुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी भाड्यात मोठी सवलत आहे, सोबत्यालाही आहे. रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. पहिल्या खेपेला ते हातात नसेल, पण टाटाला खेपा अनेक होतात, तेव्हा पहिल्याच भेटीत ते मागून घ्या. विमानाने जायचं ठरलं तरी रात्रीच्या गाडीचं आरक्षण जवळ असू द्या.

माझ्यावर सोपवलंत तर मी असं करीन. रस्ता दोन दिवसांत तोडीन. पहिल्या दिवशी दुपारनंतर निघून आलापल्लीला, किंवा जमलं तर चंद्रपूरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी आरामात नागपूर, दुपारचं विमान, उजेडी मुंबई. म्हातारा माणूस सलग साडेचौदा तास प्रवास करून आला की दुसऱ्या दिवशी डॉक्टरला त्याचा आजार दिसतो की प्रवास, तेच कळत नाही.

चारचाकीने समृद्धीवरून थेट मुंबई, असं कुणीतरी सुचवेलच. जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा सगळा महामार्ग खुला आहे, आणि रस्ता छानच आहे. पण तुमचे आधीचे साडेतीनशे त्यात धरलेले नाहीत. एकूण हजार-अकराशे किलोमीटर होतात, दोन चालक आणि वीस तास. धडधाकट पोरांनी करावं. रुग्णाला घेऊन नको.

मुंबईत कुठे उतरता, यानेही फरक पडतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं सुरू झाली. बुकिंग करताना ‘मुंबई’ टाकलं की काही ठिकाणी दोन्ही विमानतळ एकत्र दिसतात. सांताक्रूझ-सहारवाल्याचं लघुनाव बीओएम, नवी मुंबईचं एनएमआय. तिकीट काढताना हे वाचा, नाहीतर तुम्ही अंधेरीत टर्मिनलबाहेर फुलं घेऊन उभे आणि आई-वडील उलव्यात. परळसाठी नवी मुंबई वाईट नाही बरं का. अटल सेतूवरून शिवडीला उतरलं की परळ हाकेच्या अंतरावर. टोल पडतो, पण पश्चिम द्रुतगती महामार्गावरच्या संध्याकाळपेक्षा बरं. मात्र रात्री मुक्काम कांदिवलीला असेल तर अर्थातच जुना विमानतळ. जुन्या विमानतळावरून थेट दवाखान्यात जाणार असाल तर टॅक्सीच करा. मेट्रो ३ आता दोन्ही टर्मिनलपासून दादरपर्यंत नेते आणि ती चांगली आहे, पण पुढे परळपर्यंत पुन्हा टॅक्सी, आणि रुग्णाला जिने-सरकते जिने नको. बरोबरच्या धट्ट्याकट्ट्या माणसाने सामान घेऊन मेट्रोने यावं.

विमानाची तयारी करताना दोन-चार गोष्टी. व्हीलचेअर तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी कंपनीला सांगा, फुकट असते. लाजू नका. माणूस चालू शकत असला तरी घ्या, कारण नागपूरला नसेल पण मुंबईला दारापासून टॅक्सीपर्यंतची चाल लांब आहे, आणि व्हीलचेअरबरोबर वाट दाखवणारा माणूस येतो, तो तुमच्या आईच्या जास्त कामाचा. बायोप्सीच्या काचा, ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा), रिपोर्टची फाइल आणि रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. बॅग दुसऱ्या दिवशी आली तर कपडे मिळतील, काचा कुठून आणणार? तिकिटावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळवून घ्या. आडनाव आधी की नंतर, यावरून काउंटरवर वेळ जातो.

तब्येतीचा एक मुद्दा मात्र गंभीर. विमान ३५ हजार फुटांवर असलं तरी आतला दाब जमिनीसारखा नसतो, तो जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका विरळ असू शकतो. धडधाकट माणसाला कळतही नाही. पण रक्तातलं हिमोग्लोबिन फार कमी असेल, फुप्फुसाचा त्रास असेल, तर त्रास होऊ शकतो. तुमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. वडिलांची तपासणी झालेली नसेल तर निघण्याआधी ती करून घ्या आणि डॉक्टरला सरळ विचारा, ‘विमानाने नेऊ का?’ ऑक्सिजन लागणार असेल तर कंपनीचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरकडून भरून आधीच मंजूर करून घ्यावा लागतो, काउंटरवर जाऊन चालत नाही.

हा प्रश्न इतर गावांनाही लागू आहे म्हणून एवढं सांगतो. सरळ रेषेचं अंतर साधारण चारशे-साडेचारशेच्या आत असेल तर मुंबईसाठी विमानाचा विचारही करू नका. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावचं उदाहरण घ्या. मुंबईपासून सरळ रेषेत ३३० किलोमीटरच्या आसपास. सुरतचा विमानतळ धरला तर तो सरळ रेषेतच पावणेदोनशे किलोमीटरवर, तोही सातपुड्यातून उतरून. सुरत विमानतळावर पोहोचून, दोन तास थांबून, विमान मिळालंच तर उडून, पुन्हा अंधेरीतून बाहेर पडेपर्यंत नंदुरबारहून रेल्वेत बसलेला माणूस घरी जेवत असेल. सहाशेच्या पुढे मात्र विमान कामाचं ठरू लागतं, तेही विमानतळ गावापासून तीन-चार तासांत असेल तर.

शेवटी परतीचं. पहिल्या खेपेला परतीचं तिकीट काढूच नका. टाटाला तपासण्या किती दिवस चालतील हे पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही. तारीख ठरली की सकाळचं सगळ्यात लवकरचं विमान घ्या. सकाळी मुंबईची धावपट्टी मोकळी असते, आणि कारण दुसरंही आहे. भामरागड मुंबईच्या ७.७ अंश पूर्वेला, दर अंशाला सूर्याची चार मिनिटं, म्हणजे तिथे सूर्य आपल्यापेक्षा अर्धा तास आधी उगवतो आणि अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरच्या मध्यावर मुंबईत सूर्य सहाला मावळतो, तिकडे साडेपाचला. आठ-साडेआठला नागपूर सोडलं तरच साडेपाचच्या आत गाव गाठता येईल. त्याला उशीर झाला तर आलापल्लीलाच मुक्काम करा आणि पुढचं जंगल दुसऱ्या दिवशी उजेडात पार करा. गाडीवाल्याशी ठरवतानाच त्या एका रात्रीचं भाडं बोलून ठेवा.